मामांना एक्सपोर्ट करायचं होतं

पहिला दिवस, बुधवार १२ नोव्हेंबर २०२५

सकाळी पावणेसहाला फोन, "आगं उतरलोय वाशीत, पुलाखाली हाय बघ." वाशीत पूल किती आहेत हे मामांना कोण सांगणार. वीस मिनिटं शोधल्यावर दिसले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा चारखणी डबा छातीशी धरलेला. मी म्हटलं द्या इकडे तर देईनात. घरी घणसोलीला आल्यावर डबा उघडला, वरच्या तीन खणांत भाकरी, खरडा, शेंगदाण्याची चटणी आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेली पैंजणांची सहा जोडं. चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेलीय आणि हा माणूस रात्रभर भाकरीखाली चांदी घेऊन बसमध्ये झोपलाय.

मामा हुपरीचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातलं हे चांदीचं गाव, घराघरात कुणी तार ओढतं, कुणी घुंगरू जोडतं, कुणी पॉलिशला बसतं. लहानपणी मे महिन्यात गेलो की दिवसभर टकटक ऐकू यायची. मामांचं युनिट छोटंसंच, चार माणसं आणि घरच्या बायका. गेल्या वर्षी याच दिवसांत चांदी नव्वद हजारांच्या आसपास होती, आता एवढी वाढल्यावर गिऱ्हाईक जोड हातात घेतं, भाव विचारतं आणि ठेवून देतं, आणि मजुरी मात्र किलोमागे तेवढीच. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की घरबसल्या एक्सपोर्ट करा, डॉलरमध्ये कमवा. मामांना आठवलं आपली भाची एक्सपोर्टच्या ऑफिसात आहे. झालं.

आता मी तुर्भ्याला एका कस्टम क्लिअरिंगवाल्यांकडे डॉक्युमेंटेशनला आहे हे खरं, पण आमच्याकडे मसाले, पंप, व्हॉल्व्ह, प्लास्टिकचे डबे. सोन्याचांदीचं शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवायचा कस्टमचा कागद, मी आयुष्यात एकदाही बनवलेलं नाही. हे मामांना फोनवर तीनदा सांगितलं, ते म्हणाले "कागद कागदच की गं." तीन दिवस रजा टाकली.

दिवसभर मामा झोपले, संध्याकाळी बातम्या लावल्या तर योगायोग बघा, त्याच दिवशी केंद्राच्या मंत्रिमंडळाने निर्यातीसाठी २५,०६० कोटींचं मिशन मंजूर केलेलं, शिवाय निर्यातदारांना तारण न मागता कर्ज मिळावं म्हणून २०,००० कोटींपर्यंतची क्रेडिट गॅरंटी. अमेरिकेच्या टॅरिफचा, म्हणजे आयात कराचा, फटका बसलेल्या धंद्यांना आधी मदत, त्यात कापड, चामडं, मासळी आणि रत्न-दागिने. मामा चहाचा कप हातात धरून टीव्हीकडे असे बघत होते जसं काही पैसे उद्या सकाळी हुपरीला पोचणार आहेत.

रात्री जेवताना वहीत लिहून दिलं. आधी आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नंबर, तो ऑनलाइन पाचशे रुपयांत निघतो, त्यात काही अवघड नाही. मग बँकेकडून एडी कोड, म्हणजे ज्या शाखेत पैसे येणार तिचा नंबर, आणि तो कस्टममध्ये नोंदवायचा. मग जेम अँड ज्वेलरी एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिलची मेंबरशिप, ही संस्था १९६६ पासूनची आहे. चांदीच्या दागिन्यांचा एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या यादीतला मालाचा नंबर, ७११३११. मामांनी सगळं उतरवून घेतलं आणि मग चष्मा काढून विचारलं, "आणि गिऱ्हाईक कुठल्या ऑफिसात मिळतंय?"

दुसरा दिवस, गुरुवार

आजचा दिवस मोठा. माझी एक कॉलेजची मैत्रीण रबाळे एमआयडीसीत एका दागिन्यांच्या एक्सपोर्ट युनिटमध्ये क्वालिटीला आहे (युनिटचं नाव लिहीत नाही, तिनेच सांगितलंय), तिने साहेबांना विचारून आम्हाला आत सोडायची परवानगी काढली. बाहेरून बिल्डिंग बघितली तर वाटेल औषधाचा कारखाना, पाटीसुद्धा बारीक. गेटवर मोबाइल, अंगठी, कानातलं, मामांचा करदोडासुद्धा काढून ठेवायला लावला, चांदीचा होता ना. मामांची सहा जोडं वजन करून रजिस्टरमध्ये लिहिली, बाहेर पडताना तेवढंच वजन भरलं पाहिजे. मामा खूश, म्हणाले "असंच पाहिजे."

आत मला वाटलेलं भट्ट्या आणि हातोडे दिसतील. पहिल्या हॉलमध्ये नुसते कॉम्प्युटर, पोरं अंगठीचं डिझाईन स्क्रीनवर फिरवतायत, त्यावरून प्रिंटर रेझिनचा नमुना काढतो, त्याचा रबराचा साचा, साच्यात मेण. मेणाच्या पंचवीस-तीस अंगठ्या एका दांड्याला चिकटवतात, हुबेहूब छोटं झाड, त्यालाच ट्री म्हणतात. ती ट्री प्लास्टरमध्ये बुडवायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. आम्ही बघत होतो तेव्हा नुकतंच एक झाड पाण्याबाहेर काढलं, प्लास्टर गळून पडलं आणि आत सोन्याचं झाड, प्रत्येक फांदीला अंगठी. मी तोंडाचा आ करून उभी, मामा मात्र वाकून देठ बघत होते, कापल्यावर किती सोनं परत वितळवायला जातं याचा हिशोब चाललेला.

पुढचा हॉल कारागिरांचा. अर्धगोल खाच असलेली टेबलं, प्रत्येक खाचेत एक माणूस, खाली ड्रॉवर उघडाच, म्हणजे कानस मारताना पडलेला कण त्यात पडतो, शिवाय टेबलाला हवा ओढणारी नळी. बरेचसे बंगालचे, हुगळी, मेदिनीपूरकडचे, बाकी यूपी आणि थोडे आपले. सकाळी प्रत्येकाला वजन करून माल देतात, संध्याकाळी वजन करून घेतात, मधे जी घट येते ती ठरलेल्या टक्क्यात बसली पाहिजे. हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जात नाही, टाकीत जातं, गाळ बसतो, तो गाळ, जुने ॲप्रन, झाडलेली धूळ, व्हॅक्यूमच्या फिल्टरमधला कचरा सगळं रिफायनरीला. मामा म्हणाले आमच्याकडं पूर्वी झारेकरी यायचे, सोनारआळीतली माती विकत घेऊन धुवायचे, हितं झारेकऱ्याचं मशीन केलंय एवढंच.

मोजून बघितलं, चाळीसातली अकरा टेबलं रिकामी. मैत्रीण आधी काही बोलली नाही, मग कँटीनमध्ये चहा घेताना सांगितलं. अमेरिकेचा टॅरिफ एप्रिलमध्ये १० टक्के, ७ ऑगस्टला २५ आणि २७ ऑगस्टपासून ५०, हे नेहमीच्या ड्युटीच्या वरचं. कट-पॉलिश हिऱ्यावर अमेरिकेत आधी शून्य ड्युटी होती म्हणजे विचार करा. ख्रिसमसचा माल जूनपासून बनतो, त्यामुळे जुलैत रात्रंदिवस काम करून जेवढं पाठवता आलं तेवढं पाठवलं, आणि नंतर एकदम सामसूम. रत्न-दागिन्यांत आपली अमेरिकेला वर्षाला जवळपास १० अब्ज डॉलरची निर्यात, म्हणजे एकूणातली तीस टक्क्यांच्या आसपास. मैत्रीण आधी अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीसाठी राखलेल्या वसाहतीत (सेझ), कामाला होती, तिथे तर हालत अजून वाईट, कारण तिथली जवळपास ८५ टक्के निर्यात एकट्या अमेरिकेला आणि पन्नास हजारांच्या आसपास माणसं त्यावर. सीप्झ १९७३ चं, नाव इलेक्ट्रॉनिक्सचं, पुढे दागिन्यांनी भरलं. सेझच्या नियमांमुळे तिथला माल असाच उचलून दादरच्या दुकानात विकता येत नाही, म्हणून तिथले लोक मागतायत की निदान देशातल्या ज्वेलर्सचं जॉबवर्क तरी आम्हाला करू द्या, म्हणजे माणसं बसून राहणार नाहीत.

मामांनी विचारलं, "आणि त्या अकरा टेबलांवरची पोरं?" गावाला दिवाळीला गेली ती आली नाहीत, एवढंच ती म्हणाली.

मग तिने एक गोष्ट सांगितली ती मला अजून डोक्यातून जात नाहीये. बघ, म्हणाली, सोनं आपल्याकडे जवळजवळ सगळं बाहेरून येतं, कोलार २००१ ला बंद झालं. हिरा बाहेरून येतो, बोट्स्वाना, रशिया, अंगोला. डिझाईन बऱ्याचदा बायर पाठवतो. विकणारं दुकान त्याचं, ब्रँड त्याचा. आपलं काय, तर या खाचेत बसलेल्या माणसाचा दिवस. साध्या सोन्याच्या दागिन्यात आपण जी भर घालतो ती एक आकडी टक्क्यांत असते. आकडे अब्जांत दिसतात कारण सोनं महाग आहे, जाते ती मजुरीच. आणि बायरने टॅरिफमधलं अर्धं तुम्ही सोसा म्हटलं की ते सोन्याच्या भावातून तर कापता येत नाही, मग कुठून कापणार.

मामा मान हलवत होते. हे त्यांना नवीन नव्हतं, हुपरीतही चांदी व्यापाऱ्याची आणि मजुरी आपली.

शेवटी आमची पैंजणं. तिच्याकडे टोस्टरसारखं एक मशीन आहे, एक्सआरएफ, वस्तू आत ठेवली, झाकण लावलं की मिनिटभरात कुठला धातू किती टक्के ते स्क्रीनवर, न तोडता न घासता. मामांच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाचं टेन्शन. पहिलं जोड ठेवलं, चांदी ७१ पूर्णांक काहीतरी. मामा लगेच, "सत्तरच टंच सांगून विकतो मी, एक जास्तच हाय." ती म्हणाली काका माल खरा आहे, पण बाहेर ९२.५ च्या खाली चांदी म्हणून कुणी बघत नाही. बरं, मामा म्हणाले, ९२ चं करू, त्यात काय. मग तिने पैंजण थोडं सरकवलं आणि जिथे घुंगराची कडी जोडलीय बरोबर त्या जोडावर मशीनचा ठिपका आणला. स्क्रीनवर चांदी, तांबं, जस्त आणि चौथी ओळ कॅडमियम.

ते कडी जोडायच्या सोल्डरमधलं. कॅडमियम घातलं की सोल्डर कमी आचेवर पातळ होऊन सरसर पसरतो, म्हणून कारागिरांना आवडतो, पण धूर फुफ्फुसाला वाईट आणि युरोपात दागिन्यात कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का, निकेल आणि शिशाचेही नियम आहेत. कंटेनरभर माल एका कडीवरून परत येतो. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग हळूच, "माझा खोकला त्याचाच व्हय गं?" मैत्रीण म्हणाली मी डॉक्टर नाही काका, पण सोल्डर बदला, आणि खिडकीशी पंखा बसवा, एक्सपोर्टचं नंतर बघा. मला पटकन काही बोलायला सुचलं नाही. तिने त्यांना विनाकॅडमियमच्या सोल्डरच्या तारेचा वीतभर तुकडा दिला बांधून, तो मात्र रजिस्टरमध्ये लिहायला पाऊण तास लागला.

तिसरा दिवस, शुक्रवार

सकाळी महापेला. तिथे एमआयडीसीत इंडिया ज्वेलरी पार्क होतंय, २१ एकर, २०१९ मध्ये पायाभरणी झाली, कल्पना अशी की झवेरी बाजारातल्या माळ्यांवर दाटीवाटीने बसलेली युनिट्स इकडे मोकळ्या जागेत यावीत, ट्रेनिंग, टेस्टिंग, बँक सगळं एका आवारात. रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं बघितलं आणि रिक्षा वळवली. मामांचा प्रश्न एकच, कारागीर राहणार कुठं. झवेरी बाजारात तो कामाच्या जागीच झोपतो, इथे कोपरखैरण्यात खोलीचं भाडं काय आहे मला विचारा.

तिथून ऐरोली, आमच्या जुन्या सोसायटीतले काका, वय चौऱ्याहत्तर, सगळं आयुष्य हिरे असॉर्टर, म्हणजे हिरे निवडून वेगळे करणारा, म्हणून गेलं. आधी ऑपेरा हाऊसचा हिरे बाजार, रोज ठाणे-दादर-चर्नी रोड. २०१० मध्ये बीकेसीला भारत डायमंड बोर्स, म्हणजे हिऱ्यांचा नवा बाजार, सुरू झालं तरी त्यांचे शेठ ऑपेरा हाऊसलाच, १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी तिथे स्फोट झाला तेव्हा काका वरच्या मजल्यावर होते, त्याबद्दल ते एवढंच सांगतात की रस्त्यावर हिऱ्याच्या पुड्या पडलेल्या होत्या आणि कुणी उचलत नव्हतं. पुढे शेठ बीकेसीला गेले, काकाही गेले.

काकांनी कपाटातून चिमटा, दहा पॉवरचं लूप (भिंग) आणि पुडीचे कागद काढले. हिरा आता घरात एकही नाही म्हणून साखरेचे दाणे घेतले. उत्तरेच्या खिडकीशी बसले, पांढऱ्या कागदावर साखर पसरली आणि चिमट्याने पाच-पाच दाणे ओढत मोजायला लागले, इतक्या वेगात की डोळा पोचत नव्हता. एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, त्याचे शंभर सेंट, आणि यांचं आयुष्य एक-दोन सेंटच्या मालात गेलं, बारीक माल, जो घासायला जगभर दुसऱ्या कुणाला परवडत नव्हता. तोच कमी मजुरीत घासून सुरत मोठं झालं, आज जगातले दहातले नऊ हिरे भारतात पैलू पाडून जातात.

मग धंदा पडला कशामुळे, मामांनी विचारलं. काकांचं उत्तर लांबलं, मी मधेमधे गुगल करत होते, जेवढं जुळलं तेवढं लिहिते. २०२१-२२ मध्ये रत्न-दागिन्यांची एकूण निर्यात ३९ अब्ज डॉलरच्या आसपास होती, कोविडनंतर लोकांनी घेतलं दणकून. २०२४-२५ मध्ये साडेअठ्ठावीस. त्यातही घासलेल्या हिऱ्यांची तर २४ अब्जांवरून १३ वर, टॅरिफच्या आधीच. चीनने घेणं कमी केलं. रशियाच्या हिऱ्यांवर जी-७ देशांनी २०२४ पासून बंदी घातली, भारतात घासला तरी मूळ रशियन म्हणून चालत नाही. २०२३ मध्ये तर माल इतका साठला की आपल्या व्यापाऱ्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन महिने आपणहून कच्चा माल आणणं थांबवलं. त्याच डिसेंबरात सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन, साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं असलेली बिल्डिंग. याला म्हणायचं टायमिंग.

आणि लॅबमधला हिरा. यावर काका तापतात. मशीनमध्ये वाढवलेला, कार्बन तोच, चमक तीच, लूपखालीही फरक कळत नाही आणि किंमत ऐंशी-नव्वद टक्क्यांनी कमी. पंतप्रधानांनी २०२३ मध्ये जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा तसलाच हिरवा हिरा दिला होता, सरकारने संशोधनाला आयआयटी मद्रासला पैसेही दिले, म्हणजे सरकारला त्यात धंदा दिसतो आणि तो आहेही, मला स्वतःला घ्यायचाच झाला तर मी तोच घेईन. पण बारीक मालाच्या पुडीत दोन-चार लॅबचे दाणे मिसळले तर? "चाळीस वर्षांची नजर," काका म्हणाले, "आता डबा सांगतो खरा का खोटा." मामांना कालचं मशीन आठवलं असणार, ते एकदम म्हणाले, "डबा चांगला असतोय हो."

दोघांचं मग जमलं. काकांनी पुडी कशी घालायची ते शिकवलं, आत निळसर पातळ कागद म्हणजे हिरा पांढरा दिसतो, बाहेर जाड कागद, तीन घड्या लांबीत, मग दोन्ही टोकं आत, एकही चिकटपट्टी नाही आणि उलटी धरली तरी दाणा सांडत नाही. मामांनी चारदा घातली, चारही वेळा साखर सांडली, काकू झाडू घेऊन दारात.

रात्री बातमी, रिझर्व्ह बँकेने टॅरिफने अडचणीत आलेल्या निर्यातदारांना कर्जाच्या हप्त्यात डिसेंबरअखेरपर्यंत सवलत दिली, आणि पाठवलेल्या मालाचे बाहेरून पैसे आणायची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा. मामा म्हणाले पंधरा महिने उधारी म्हणजे व्यापारी हुपरीचाच दिसतोय.

चौथा दिवस, शनिवार

बस रात्रीची, तीन हात नाक्यावरून, म्हणून दुपारीच ठाण्याला गेलो. वाटेत दिघा गाव स्टेशन लागलं. नवं स्टेशन हो, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूच्याच कार्यक्रमात उद्घाटन झालं होतं, आणि त्याच कार्यक्रमात सीप्झच्या भारत रत्नम् नावाच्या सेंटरचंही, जिथे थ्रीडी मेटल प्रिंटिंग आहे. सेतूचे फोटो सगळ्यांनी टाकले, हे सेंटर मला मैत्रिणीने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

मामलेदारची मिसळ खाल्ली, कोल्हापूरच्या माणसाने "झणझणीत हाय" एवढं म्हटलं, मी तेवढ्यावर समाधानी. मग जांभळी नाका ते गोखले रोड सगळी दुकानं, मामा प्रत्येक काचेपुढे थांबून फक्त चांदीचा कोपरा बघणार. एका दुकानात काउंटरवरच्या मुलीने नाजूक पैंजण दाखवलं, ९२.५, वर हॉलमार्क, चांदीला १ सप्टेंबरपासून ऐच्छिक एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख नंबर, सुरू झालाय. मामांनी ते उलटं केलं. नेहमी मागून बघतात, दागिना खरा मागच्या बाजूला कळतो म्हणे. कड्यांवर एकसुद्धा सोल्डरचा डाग नाही. कुठलं, विचारलं तर थायलंडचं. तिकडून शून्य ड्युटीत चांदीचे दागिने येत होते, सप्टेंबरमध्ये सरकारने साध्या दागिन्यांच्या आयातीवर बंधन घातलं, हा आधीचा स्टॉक असणार. मामा वाद घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ते पैंजण उजेडात धरून कडी न् कडी मोजली आणि मुलीला विचारलं, "ह्येची मजुरी किती लावता बाई?" तिने सांगितलेला आकडा ऐकून ते दुकानाबाहेर येऊन पायरीवरच बसले. त्यांना हुपरीत मिळते त्याच्या पाचपट.

मी म्हटलं अमेरिका राहू दे मामा, दुबई बघू, २०२२ च्या करारापासून तिथे आपल्या दागिन्यांना ड्युटी नाही, आणि पैंजण घालणाऱ्या आपल्याच बायका तिकडे आहेत. ते म्हणाले, "दुबई बी राहू दे. गोखले रोड किती लांब हाय हुपरीपास्नं?"

नाक्यावर बसची वाट बघताना त्यांनी सोल्डरच्या तारेचा तुकडा खिशातून काढला आणि माझ्या ऑफिसच्या जुन्या शिपिंग बिलाच्या झेरॉक्सवर ठेवून पुडी घालायला लागले, लांबीत तीन घड्या, मग टोकं. एक टोक बाहेरच राहिलं. उलगडली, परत घातली. बस आली, कंडक्टर ओरडतोय कोल्हापूर कोल्हापूर, मामा दोन पायऱ्या चढले आणि वळून म्हणाले, "आतला कागद निळाच लागतोय का गं, पांढरा चालंल?"